पत्नीच्या डाव्या हातावरील नियंत्रित प्रयोग

माझ्या पत्नीच्या डाव्या हातावर मी अन्याय केला, असे आमच्या इमारतीत एकमताने ठरलेले आहे. तळमजल्यावरच्या काकूंपासून सर्वांत वरच्या मजल्यावरच्या वीजसाहेबांपर्यंत सर्वांचे हेच मत असून त्यावर अपील करण्याची सोय नाही. मी मात्र व्यवसायाने पाणी तपासणारा माणूस आहे. गेली सव्वीस वर्षे शहराचे पाणी बाटलीतून परीक्षानळीत घेऊन त्यात काय आहे आणि काय नाही हे मी लिहून देत आलो आहे. एवढ्या काळात मत आणि मोजमाप यांतला फरक मला थोडाफार कळू लागला आहे. म्हणून जे घडले ते मी आकड्यांसह मांडतो. निकाल वाचकांनी द्यावा. फक्त तो देण्यापूर्वी त्यांनी काकूंशी बोलू नये.

पत्नीच्या तळव्यांना घाम येतो. येतो म्हणजे तळवे दमट होतात असे नव्हे. तिने सकाळचे वर्तमानपत्र पाच मिनिटे धरले तर ठळक बातम्या तिच्या बोटांवर उतरतात आणि मला त्या तेथून वाचाव्या लागतात. शाळेच्या ग्रंथालयात वीस वर्षे तिने फाटकी पुस्तके दुरुस्त केली, ती मांडीवर एक रुमाल, टेबलावर दुसरा आणि मानेभोवती तिसरा अशा बंदोबस्तात. याबद्दल तिची तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती जुन्या दस्तऐवजांच्या संग्रहालयात नकाशे दुरुस्त करणाऱ्याची जागा निघाली तेव्हा.

ते काम असे असते. दोनशे वर्षांचा नकाशा घडीवर फाटलेला असतो. त्याच्या मागून केसाइतक्या पातळ कागदाची पट्टी खळीने अशी लावायची की जोड डोळ्याला दिसू नये. पत्नी चाचणीसाठी गेली. तेथल्या कार्यशाळेच्या प्रमुख बाई अत्यंत हळू आवाजात बोलतात. आम्ही घरात त्यांना नकाशेबाई म्हणतो. त्यांनी तिला एक टाकाऊ पान फाडून दिले. पत्नीने ते चाळीस मिनिटांत जोडले. नकाशेबाईंनी भिंग लावून ते पान पुष्कळ वेळ पाहिले, उलटे करून पाहिले, उजेडासमोर धरून पाहिले, आणि शेवटी म्हणाल्या, "जोड मला सापडला नाही. अंगठे सापडले. अकरा."

हातमोजे घालून काम चालत नाही. हातमोज्यातून कागदाचा पोत कळत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. जागा सहा आठवडे राखून ठेवणे त्यांच्या अधिकारात होते. सहा आठवड्यांनी कोरडे हात घेऊन या, त्यानंतर मात्र दुसऱ्या उमेदवाराला बोलवावे लागेल, असे सांगून त्यांनी पत्नीला दारापर्यंत सोडले.

हे सगळे पत्नीने मला घरी येऊन मटार सोलता सोलता सांगितले. शेवटची शेंग तिने सोलली. मग म्हणाली, "तिथे एका मोठ्या टेबलावर एक नकाशा उघडून ठेवलाय. त्यातली नदी बरोबर मधोमध फाटलीय. वीस वर्षं मी गोष्टींची पुस्तकं चिकटवली हो. मला ती नदी चिकटवायचीय."

आमच्या घरात इतके स्पष्ट निवेदन क्वचितच होते. दुसऱ्या दिवशी आम्ही त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

डॉक्टरीणबाईंनी उपचार समजावून सांगितला. दोन उथळ ट्रे, त्यांत धातूच्या पट्ट्या, पट्ट्यांवर स्पंज, वर पाणी. पाण्यात औषध. हात पाण्यात ठेवायचे आणि सौम्य वीजप्रवाह सुरू करायचा. सुई नाही, गोळी नाही. वीजच औषधाला त्वचेतून आत ढकलते. या प्रकाराला आयंटोफोरेसिस म्हणतात. हे ऐकून माझ्या भुवया वर गेल्या. वीज, पाणी आणि रोगमुक्ती हे तिन्ही शब्द एका वाक्यात आले की पुढचे वाक्य बहुधा चुंबकाच्या कड्याविषयी असते, असा माझा अनुभव आहे. मी बाईंना चार प्रश्न विचारले. तीन प्रश्नांची उत्तरे त्यांनी समाधानकारक दिली आणि चौथ्याला घड्याळाकडे पाहिले. तत्त्व निर्दोष होते, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागले: औषधाचे कण धनभारित असतात, धन टोक त्यांना दूर लोटते, आणि लोटले गेल्यावर त्यांना जायला त्वचेखेरीज जागा नसते.

रुग्णालयातल्या यंत्रासाठी चार महिन्यांची रांग होती. म्हणून घरगुती यंत्र बाहेरून मागवायचे ठरले. बाईंनी औषधाची बाटली दिली आणि सोबत एक छापील सूचनापत्र. ते मी घडी घालून खिशात ठेवले. सर्वसामान्य रुग्णांसाठी लिहिलेले साहित्य मी सहसा वाचत नाही. त्यात आकडे कमी आणि 'घाबरू नका' जास्त असते.

यंत्र आठव्या दिवशी पोहोचले, परंतु आमच्या घरी नव्हे, पार्सल तपासणी कार्यालयात. तेथे वस्तूचे वर्गीकरण सांगणारा एक अर्ज भरायचा होता. वर्ग चार होते: स्वयंपाकाची विद्युत उपकरणे, वाद्ये, खेळणी आणि इतर. 'इतर'वर खूण केली तर तज्ज्ञाचे पत्र जोडावे लागे. तज्ज्ञ मीच असल्याने ते पत्र मी तेथेच बाकावर बसून लिहिले. तीन पाने झाले, आकृतीसह. खिडकीमागच्या निरीक्षकांनी पहिल्या पानावरची पहिली ओळ वाचली, तिसऱ्या पानावरची शेवटची वाचली आणि विचारले की वस्तू विजेवर चालते की पाण्यावर. मी म्हणालो, विजेवर, पण पाण्यात. त्यांनी पेन खाली ठेवले. आपल्या अठरा वर्षांच्या सेवेत या दोन गोष्टी एका खोक्यात आलेल्या नाहीत, असे त्यांनी सांगितले आणि मला शेजारच्या खिडकीकडे पाठवले. शेजारच्या खिडकीने मला परत पाठवले. हे दोन दिवस चालले. तिसऱ्या दिवशी निरीक्षकांनी एक नियम शोधून काढला: वर्गीकरणाबाबत शंका असल्यास वस्तू अधिकाऱ्यासमोर चालवून दाखवावी.

मी होकार दिला. माणूस खोटे बोलताना सापडतो तेवढाच खरे सिद्ध करायला गेला की सापडतो.

कार्यालयातल्या पिण्याच्या पाण्याच्या पिंपातून पाणी आणले, ट्रे भरले, मी दोन्ही हात आत ठेवले आणि निरीक्षकांना बटण दाबायला सांगितले. यंत्राची रचना अशी की ते प्रवाह हळूहळू वाढवते, पंधरा मिलीअँपिअरवर वीस मिनिटे टिकवते आणि मग हळूहळू उतरवते. मध्येच हात बाहेर काढला तर झटका बसतो. तो धोकादायक नसतो, अपमानास्पद असतो. ही माहिती मी निरीक्षकांना बटण दाबून झाल्यावर दिली. ते म्हणाले की हरकत नाही, तोवर येथे सही करा. मी हातांकडे पाहिले. त्यांनीही पाहिले आणि अर्ज परत ओढून घेतला.

कार्यालयात टेबल एकच होते आणि त्यावर मी होतो. रांग वाढू लागली. माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईंनी विचारले की हे सगळ्यांनाच करावे लागते का, आणि उत्तराची वाट न पाहता बाह्या वर केल्या. त्यांच्या मागच्या दोघांनी घड्याळे काढून खिशात ठेवली. मी समजावण्याचा प्रयत्न केला. परंतु समजावून सांगण्यातला किती मोठा भाग हातांनी होतो हे हात पाण्यात अडकल्याखेरीज लक्षात येत नाही. सहाव्या मिनिटाला माझ्या नाकाच्या डाव्या बाजूला खाज सुटली. सातव्या मिनिटाला उजव्याही. आठव्या मिनिटाला आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख स्वतःचे पार्सल घ्यायला आत आले. मी त्या दिवशी 'अत्यंत तातडीच्या कौटुंबिक कारणासाठी' रजा घेतली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले, ट्रेकडे पाहिले, बाह्या वर करून उभ्या असलेल्या रांगेकडे पाहिले, आणि घरी सगळे ठीक आहे ना, असे अतिशय मऊ आवाजात विचारून ते पार्सल न घेताच निघून गेले.

दहाव्या मिनिटाला यंत्र प्रवाहाची दिशा उलटवते आणि तसे करताना एक लांब शीळ घालते. ती ऐकून निरीक्षक खुर्चीसकट मागे सरकले. वीस मिनिटे संपली तेव्हा त्यांनी शिक्का मारला आणि वर्गाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिले: 'यंत्र सूर काढते, सबब वाद्ये.' कायद्याने पाहता आमच्या घरात आजही एक वाद्य आहे.

या सगळ्यात अकरा दिवस गेले. एकतीस उरले.

पाण्यात वीज सोडणार ही बातमी इमारतीत आमच्या आधी पोहोचली होती. वीजसाहेब टेस्टर घेऊन खाली आले. ते वीजमंडळातून निवृत्त झालेले लाइन निरीक्षक आहेत आणि घरात कोणी दिव्याचे बटण जोरात दाबले तरी त्यांना वर कळते. यंत्र टॉर्चच्या बॅटरीवर चालते, असे मी त्यांना दाखवले. ते मला म्हणाले, "विजेला लहान-मोठं कळत नाही, मिलिग्रॅम." इमारतीत मला याच नावाने ओळखतात, का, ते पुढे येईलच. त्यांनी पत्नीला लाकडी पाटावर रबरी चपला घालून बसवले आणि स्वतः एक कोरडी काठी घेऊन दारात उभे राहिले, म्हणजे वेळ आलीच तर तिला ट्रेपासून दूर ढकलता यावे. काकू स्टूल घेऊन आल्या होत्या. तळव्यांचा घाम बंद केला की तो कपाळातून बाहेर पडतो आणि मग माणसाला चष्मा लागतो, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या माहितीतल्या एका माणसाला लागला होता. तो आधीपासूनच होता का, या माझ्या प्रश्नावर त्यांनी स्टूल पत्नीच्या बाजूला सरकवले.

येथवर माझे काही चुकले असे कोणीही म्हणत नाही. पुढचे मुद्दे वादाचे आहेत.

दोन्ही हातांना औषध दिले आणि दोन्ही कोरडे झाले, तर ते औषधाने झाले हे कशावरून? ऋतू बदलत होता. शिवाय औषध घेतले या समजुतीनेच निम्मे रुग्ण बरे होतात. म्हणून औषध एकाच ट्रेत घालायचे आणि दुसऱ्यात नुसते पाणी ठेवायचे, असे मी ठरवले. एक हात उपचाराचा, दुसरा तुलनेचा. कोणता कोणता हे पत्नीलाही कळू नये आणि मलाही कळू नये. त्यासाठी तिसरा, निःपक्षपाती माणूस हवा होता. मी वीजसाहेबांना नेमले. त्यांनी नाणे उडवून हात ठरवायचा, तो कागदावर लिहून पाकिटात बंद करायचा आणि प्रत्येक बैठकीआधी आमच्या स्वयंपाकघरात एकटे जाऊन ट्रे तयार करायचे. त्यांनी जबाबदारी गंभीरपणे स्वीकारली आणि एक वही मागितली.

पत्नी हे सगळे ऐकत होती. "म्हणजे माझा एक हात कोरडा होणार आणि एक ओला राहणार?"

"प्रयोग यशस्वी झाला तर."

"आणि चाचणीला मी एकच हात नेऊ?"

मी तिला वेळापत्रक दाखवले. तीन आठवड्यांत परिणाम सिद्ध होणार होता. त्यानंतर दुसऱ्या हातासाठी दहा दिवस राहत होते आणि हिशेबाने ते पुरत होते. शेवटची दहा पाने नसलेले पुस्तक परत करणाऱ्याकडे ती जशी पाहत असे, तशी तिने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "बरं. पण ओला राहिलेला हात रुसला तर मी मध्ये पडणार नाही."

मोजमापाची पद्धत माझी स्वतःची. टीपकागदाचे चौकोन आधी तोलायचे, पत्नीने त्यांवर एकेक तळवा पाच मिनिटे ठेवायचा, पुन्हा तोलायचे. प्रयोगशाळेतून बाद झालेला तराजू माझ्याकडे होता; तो मिलिग्रॅमपर्यंत अचूक आहे, आणि मागे एकदा त्यावर मी इमारतीच्या पाण्याच्या टाकीतला गाळ तोलून सभेत आकडा वाचून दाखवला होता, तेव्हापासून ते नाव चिकटले. पहिल्या दिवशी उजवा दोनशे बारा मिलिग्रॅम, डावा दोनशे आठ. वाऱ्याच्या झुळकीने तराजू हलतो, म्हणून मोजमापाच्या वेळी मी पंखा आणि खिडक्या बंद ठेवीत असे. त्यामुळे घाम वाढत असे. ते मी तळटिपेत नोंदवले.

दिवसाआड बैठक होऊ लागली. वीजसाहेब स्वयंपाकघराचे दार लावून घेत, आत भांड्यांचे आवाज येत, मग दोन्ही हातांत दोन ट्रे धरून ते इतक्या सावकाश बाहेर येत की पाण्यावर तरंगही उठत नसे. वीस मिनिटे पत्नीचे हात अडकलेले असल्याने काकू तिला पुस्तक वाचून दाखवीत आणि पान उलटण्याआधी ते तिचे वाचून झाले का, हेही विचारीत, कारण वाचत त्याच आहेत हे त्या विसरत. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण मला नमस्काराऐवजी 'आज किती भरला?' असे विचारू लागला. पत्नीला त्या दिवसांत वारंवार तहान लागे. तोंड कोरडे पडते असे ती म्हणे. खिडक्या बंद असतात त्याचा तो परिणाम असावा, असे ठरवून मी ते 'असंबद्ध निरीक्षणे' या शीर्षकाखाली लिहून ठेवले.

एकविसाव्या दिवशी उजवा एकसष्ट भरला, डावा अठ्ठावन्न.

मी आलेख काढला. दोन रेषा एकमेकींचा हात धरून चालाव्यात तशा अगदी सोबत खाली उतरल्या होत्या. दोन हातांतला फरक तीन मिलिग्रॅम, म्हणजे तराजूच्या आणि माझ्या चुकीच्या मर्यादेत. निष्कर्ष उघड होता. संध्याकाळी पत्नी, वीजसाहेब आणि काकू यांच्यासमोर मी तो वाचून दाखवला: औषध दिलेला हात आणि न दिलेला हात यांत फरक नाही, सबब औषधाचा परिणाम शून्य. दोन्ही हातांचा घाम कमी झाला आहे तो ऋतुमानाने. वीजसाहेबांचा चेहरा पडला. घरी चूल चालू राहिली आहे असे काहीसे पुटपुटून ते वर निघून गेले.

पत्नी सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, "हात लावून बघा."

हात लावणे म्हणजे मोजमाप नव्हे, असे मी तिला सांगितले.

"अहो, बघा तरी."

मी तिला चुकीच्या मर्यादेची कल्पना पुन्हा समजावू लागलो. तेव्हा तिने उठून दोन्ही तळवे माझ्या आलेखावर दाबून धरले. शाई अजून ताजी होती. तळवे उचलले. एकही रेघ फिसकटली नव्हती. मी ते नीट पाहिले आणि म्हणालो की ते शाईवरही अवलंबून आहे.

या वाक्याबद्दल मला खेद आहे. शाई हा घटक तपासलेला नव्हता, हे मात्र खरेच आहे.

खोट्या आशेवर माणसाने चाचणीला जाऊ नये, या हेतूने मी नकाशेबाईंना मुदतवाढ मागणारे पत्रही लिहून ठेवले. पत्नीने ते दोनदा वाचले आणि घडी घालून परत दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी उजवा एकशे चाळीस भरला, डावा एकशे अडतीस. तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. वर्तमानपत्राच्या बातम्या पुन्हा तिच्या बोटांवर आल्या. ज्या औषधाचा परिणाम मी शून्य ठरवला होता त्याने तीन आठवड्यांत जे केले, ते माझ्या पाच मिनिटांच्या निवेदनाने एका रात्रीत पुसून टाकले. हा आकडा मी आलेखावर चढवला नाही. एवढे मला कळले. तिने मला ट्रे उचलून ठेवायला सांगितले, पाटही सांगितला. शाळेचे काम काय वाईट आहे, असेही ती सहज म्हणून गेली, आणि ते सहज नव्हते.

सात दिवस उरले असताना वीजसाहेब खाली आले. आले ते दारातच उभे राहिले. त्यांच्या हातात ते बंद पाकीट होते आणि त्यांनी ते माझ्याऐवजी पत्नीला दिले. तिने फोडले. आत कागदावर लाइन निरीक्षकाच्या ठळक अक्षरात एकच शब्द होता: दोन्ही.

मी ते वाचून खुर्चीत बसलो. वीजसाहेब पत्नीकडे पाहत म्हणाले, "नाणं उजव्यावर पडलं, वहिनी. उजव्या ट्रेत औषध घातलं. मग डाव्या ट्रेकडे बघितलं. त्या हातानं काय घोडं मारलं होतं? एका गल्लीत उजेड ठेवायचा आणि शेजारची अंधारात ठेवायची, हे मी वरच्या हुकमावरून तीस वर्षं केलंय. आता घरी बसलोय. आता नाही होत माझ्याच्यानं."

मी त्यांना सांगितले की त्यांनी एकवीस दिवसांची, बेचाळीस मोजमापांची, तळटिपांसह संपूर्ण वाट लावली आहे. आवाज मर्यादेत होता, असे मला वाटते. काकू दुसऱ्या मिनिटाला स्टूल घेऊन हजर झाल्या यावरून तो नसावा. वीजसाहेबांनी मान खाली घातली. आणि पत्नी हसू लागली. आधी हळू, मग पाठ भिंतीला टेकवून. चार दिवसांनी ती हसत होती. वीजसाहेबही हसले, काय झाले हे ठाऊक नसताना काकू हसल्या, आणि प्रयोगाच्या प्रेताशेजारी मी एकटाच बसून राहिलो.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. तोंड कोरडे पडणे ही औषध आत जात असल्याची नेहमीची खूण आहे, हे मला कळले नाही याचे त्यांना आश्चर्य वाटले. एका बैठकीची मात्रा दोन ट्रेंत वाटून घालायची असते, ती दोन्हींत पूर्ण पडल्याने तोंड जास्त कोरडे झाले असावे, आता ती निम्मी करा, असे त्यांनी सांगितले. औषध थांबवले नाही तर घाम पुन्हा उतरेल, फक्त पत्नीला काळजीत टाकू नका. मग त्यांनी शांतपणे विचारले की नुसत्या पाण्यातून प्रवाह सोडला तरी घाम कमी होतो, म्हणजे तुलनेचा हात असा काही राहतच नाही, हे सूचनापत्राच्या तिसऱ्या ओळीत छापलेले आहे, ते वाचले नाही का. मी म्हणालो की ओळ तपासून सांगतो.

बैठका पुन्हा सुरू झाल्या, यावेळी रोज. तराजू जप्त होऊन वीजसाहेबांच्या घरी गेला. नोंदवही काकूंकडे गेली. त्यांनी तिच्या उरलेल्या पानांवर दुधाचे खाडे लिहायला सुरुवात केली. मला ट्रे भरण्याच्या कामावर ठेवण्यात आले. पाण्याचे तापमान मोजण्याची परवानगी मी मागितली. ते कोपर बुडवून मोजले जाईल, असे उत्तर मिळाले. त्या सात दिवसांत आकडा किती होता हे मला आजही माहीत नाही. फक्त वर्तमानपत्र मला पुन्हा वर्तमानपत्रातून वाचावे लागू लागले.

चाचणीच्या दिवशी मी सोबत गेलो. संग्रहालयाच्या लांब ओवरीत एका बाकावर मला बसवून पत्नी आत गेली. काचेच्या दारातून मला फक्त तिचे कोपर दिसत होते. ते कधी हलत होते, कधी नाही. कोपराच्या हालचालीवरून तळव्याच्या स्थितीचे अनुमान काढता येत नाही. मी चाळीस मिनिटे प्रयत्न केला. मागच्या वेळी चाळीस मिनिटे लागली होती. पन्नास झाली. साठ झाली. मी ओवरीतल्या फरशा मोजल्या, मग तिरप्या मोजल्या. सत्तराव्या मिनिटाला दार उघडले आणि नकाशेबाई भिंग हातात घेऊन बाहेर आल्या. माझ्यासमोर उभ्या राहून त्या आपल्या त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला सोमवारी हव्यात."

"अहवाल?" मी विचारले.

"तुमच्या पत्नी."

एवढे बोलून त्या आत गेल्या. मी फरशा पुन्हा मोजायला घेतल्या आणि आकडा जुळला नाही.

पत्नी बाहेर आली ती चेहऱ्यावर काही न दाखवता. पायऱ्या उतरून आम्ही रस्त्याला लागलो. मग ती म्हणाली, "टाकाऊ पान नव्हतं दिलं आज. नदीच दिली. अर्धी जोडलीय. उरलेली सोमवारी." आणि चालता चालता तिने माझा उजवा हात धरला.

आमच्या लग्नाला बावीस वर्षे झाली. या काळात रस्त्याने जाताना तिने माझा हात कधीही धरला नव्हता, आणि त्याचे कारण रस्त्यांची रुंदी असावे, असे मी गृहीत धरून चाललो होतो. आज रस्ता तेवढाच अरुंद होता. समोरून सायकली येत होत्या, एका भाजीवाल्याची गाडी आडवी उभी होती. आम्ही दोघे तिला वळसा घालून गेलो, एकेक करून नव्हे, जोडीने. तिचा तळवा कोरडा होता. दोन तळव्यांच्या मध्ये थोडा ओलावा होता, तो माझा होता. मी रुमाल काढू लागलो तर ती म्हणाली, "राहू द्या. मला सवय आहे."

आमच्या फाटकात काकू उभ्या होत्या. त्यांनी आमच्या हातांकडे पाहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा काही विचारले नाही. फक्त वरच्या मजल्याकडे तोंड करून वीजसाहेबांना हाक मारली. आम्ही जिना चढलो. दाराला कुलूप होते, किल्ली माझ्या उजव्या खिशात होती आणि उजवा हात मोकळा नव्हता. तो सोडवून घ्यावा असे मला वाटले नाही. तिनेही सोडला नाही. मी डावा हात पोटावरून वळवून उजव्या खिशात घालण्याचा प्रयत्न करू लागलो. ती भिंतीला टेकून पाहत होती आणि एकही सूचना करत नव्हती. किल्ली निघायला साधारण चार मिनिटे लागली असतील. साधारण म्हणतो, कारण घड्याळ त्याच डाव्या हातावर होते आणि ते पाहायचे मला सुचले नाही.